लेखक म्हणून स्वतःचा थोडक्यात परिचय कसा लिहावा? मदत हवी आहे

नमस्कार. मी ऑनलाइन कथा आणि ललित लेख लिहिते. प्रोफाइलवरील परिचय नव्याने लिहिण्यासाठी आपले मार्गदर्शन हवे आहे. इन्स्टाग्रामवर परिचयासाठी १५० चिन्हांची मर्यादा असते आणि देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जात असल्याने दोन-तीन वाक्यांतच जागा संपते. ‘वाचनाची आवड, शब्दांवर प्रेम’ हा मजकूर कोणालाही लागू पडतो. त्यापेक्षा ‘एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या कथा लिहिते’ असे नेमके विधान वाचकाला अधिक काही सांगते, असे मला मनापासून वाटते. मात्र त्यात ललित लेखांचा उल्लेख राहून जातो. अशा वेळी एकाच विषयावर भर द्यावा की दोन्ही प्रकार नमूद करावेत? शिवाय परिचय प्रथमपुरुषी असावा की तृतीयपुरुषी, हेही कृपया कारणासह सांगावे.