नर्सिंग शिक्षणात सर्वसमावेशकता: स्वतंत्र व्याख्यान की रोजचे अध्यापन?

प्रश्न (नर्सिंग अध्यापिका):
नमस्कार. आमच्याकडे विविधता आणि सर्वसमावेशकता या विषयावर पहिल्या वर्षी एक व्याख्यान होते आणि नंतर तो विषय कोणी काढत नाही. वर्गात निरनिराळ्या भाषांतून शिकून आलेले विद्यार्थी आहेत, मुलगे आहेत, एका विद्यार्थिनीला कमी ऐकू येते. व्याख्यानाचे तास वाढवावेत, की सुरुवात दुसरीकडून करावी?

उत्तर १ (अतिदक्षता विभागातील परिचारिका):
सुरुवात रुग्णतपासणीच्या पाठापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. शय्याव्रणाची, म्हणजे फार काळ एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली अवस्था म्हणजे दाबल्यावर न जाणारी लाली, असे आपण शिकवतो. परंतु गडद त्वचेवर ती लाली अनेकदा दिसतच नाही, आणि तेथे हात लावून त्या जागेची ऊब, कडकपणा व दुखरेपणा शेजारच्या त्वचेशी ताडून पाहावा लागतो. सायनोसिस, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याने येणारी निळसर झाक, ओळखण्यासाठी ओठांची आतली बाजू आणि हिरड्या पाहाव्या लागतात. पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये रक्तातील ऑक्सिजनचा प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकतो, ही गोष्ट २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासाने ठळकपणे पुढे आणली. सरावाचे पुतळे आणि पुस्तकांतील छायाचित्रे एकाच वर्णाची असतील, तर विद्यार्थी हे शिकणार कोठे?

उत्तर २ (परिचारक):
विद्यार्थी असताना प्रसूती विभागाच्या पोस्टिंगमध्ये मला बहुतेक वेळ नोंदी लिहायला बसवले जाई. रुग्णाने नकार दिला असता तर मी तो आदराने मानला असता. पण तिला कोणी विचारलेच नव्हते. जगभरात या व्यवसायात सुमारे ८५ टक्के स्त्रिया आहेत, त्यामुळे मुलग्यांना कोणते अनुभव मिळाले, याची नोंद संस्थेने मुद्दाम ठेवायला हवी.

उत्तर ३ (परीक्षक):
प्रश्नपत्रिकाही तपासावी. दुहेरी नकाराची लांबलचक वाक्ये विद्यार्थ्याचे नर्सिंगचे ज्ञान न तपासता भाषा तपासतात. वैद्यकीय संज्ञा तशाच ठेवून भोवतालची वाक्यरचना सोपी करता येते. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थिनीसाठी आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळतात. न्यूझीलंडमध्ये माओरी (तेथील मूळ रहिवासी) परिचारिकांच्या आग्रहातून आलेली ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ १९९२ पासून नर्सिंग शिक्षणाचा भाग झाली. तिच्यात सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणारी व्यक्ती ठरवते. मूल्यमापनात रुग्णांचे म्हणणे घेणे त्यातूनच सुचते.

प्रश्नकर्ती:
आभार. या सत्रात तपासणीचा पाठ आणि प्रश्नपत्रिका हाती घेते. पोस्टिंगच्या नोंदवहीत संमतीचा रकाना असावा, असा प्रस्तावही पुढच्या बैठकीत मांडणार आहे.