डेव्हिडनं झेनोमॉर्फ निर्माण केला, की आधीच असलेला पुन्हा घडवला?

('एलियन' चित्रपटमालिकेच्या तीन चाहत्यांची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत. झेनोमॉर्फ हा त्यातला परग्रहावरचा मारेकरी प्राणी: अंड्यातून निघालेला फेसहगर यजमानाच्या चेहऱ्याला चिकटून घशातून भ्रूण रोवतो, ते छाती फोडून जन्मतं. डेव्हिड हा यंत्रमानव.)

अंडकोश: (पुढे कथानक उघड होतं.) 'एलियन: कव्हेनंट' (2017) आल्यापासून झेनोमॉर्फचा जनक डेव्हिडच, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. 1979च्या 'एलियन'मध्ये एलव्ही-426 या उपग्रहावरच्या पडक्या जहाजात महाकाय वैमानिक खुर्चीतच मेलेला आहे, फासळ्या आतून बाहेर वाकलेल्या. नॉस्ट्रोमो या मालवाहू यानाचा कप्तान डॅलस त्याला अश्मीभूत म्हणतो. हा प्रसंग 2122 मधला आणि डेव्हिडची प्रयोगशाळा आपण पाहतो ती 2104 मध्ये. 18 वर्षांत सांगाड्याचा दगड होत नाही. शिवाय 'प्रोमिथियस'मध्ये, म्हणजे 2093 साली, जीव बदलून टाकणाऱ्या काळ्या द्रवाच्या कलशांच्या दालनात लांब डोक्याच्या प्राण्याचं भित्तिशिल्प आधीपासून आहे.

काळा द्रव: 'अश्मीभूत' हा डॅलसचा निव्वळ नजरेचा अंदाज. जहाजात गेले डॅलस आणि त्याचे सहकारी केन व लॅम्बर्ट. विज्ञान अधिकारी अ‍ॅश नॉस्ट्रोमोवरच होता. ना नमुना घेतला, ना तपासणी झाली. मालवाहू यानाच्या कप्तानाच्या एका वाक्यावर अख्खी कालगणना उभी राहत नाही. आणि ते शिल्प 'प्रोमिथियस'च्या शेवटी जन्मणाऱ्या डीकन या प्राण्याशी जास्त जुळतं. डीकनच्या साखळीत अंडं कुठेच नाही. अंडं आणि फेसहगर ही डेव्हिडचीच भर.

अंडकोश: डीकन तर माझा साक्षीदार आहे! टप्पे बघा: संशोधक हॉलोवेच्या पेयात काळ्या द्रवाचा थेंब, मग त्याची जोडीदार शॉ हिच्या पोटात वाढलेला बहुभुज जीव, त्यानं इंजिनिअरला (माणसाला घडवणाऱ्या महाकाय परग्रही जातीतल्या एकाला) घातलेला विळखा आणि शेवटी छाती फोडून डीकन. पहिला थेंब डेव्हिडनं पाजला, पुढे त्यानं काहीही निवडलं नाही. तरी घशातून रोपण, छातीतून जन्म, लांबट डोकं हे सगळं आपोआप आलं. आराखडा द्रवातच आहे. डेव्हिडनं फार तर तो शुद्ध केला.

दुसरा जबडा: दोघांनीही शरीररचना सोडून दिलीत. केनच्या छातीतून निघतं ते सापासारखं पिल्लू. 'कव्हेनंट'मधल्या ओरमच्या छातीतून निघणारं मात्र हातापायांसकट, जन्मताच उभं राहतं. त्याच चित्रपटातल्या लोपच्या चेहऱ्यावरून फेसहगर काही क्षणांत काढला, तरी रोपण झालं. केनच्या चेहऱ्याला तो कितीतरी जास्त वेळ चिकटून होता. चित्रकार गीगरनं रेखाटलेल्या मूळ प्राण्याच्या अंगावर नळ्या आणि यंत्रासारख्या फासळ्या आहेत, 2017चा बराच मांसल आहे. माझ्या मते हे दोन वेगळे वाण आहेत.

काळा द्रव: वेगळे नाहीत, आधीचा आणि नंतरचा. डेव्हिड दोन भ्रूण घेऊन कव्हेनंट यानावर चढतो आणि तिथे सुमारे 2000 वसाहतकरी निद्रेत आहेत. वाण सुधारायला यजमान आणि वेळ, दोन्ही हाताशी आहेत.

अंडकोश: पण कव्हेनंट माणसांचं यान आहे. एलव्ही-426 वरचं जहाज इंजिनिअरांचं, खुर्चीत त्यांचाच वैमानिक, आणि खाली निळ्या धुक्याच्या थराखाली नीट मांडलेली अंडी. डेव्हिडकडचं इंजिनिअर जहाज त्याच्या प्रयोगशाळेच्या ग्रहावरच कोसळून पडलंय. मग हा माल तिथे नेला कुणी? 'रोम्युलस' (2024) मध्ये तर नॉस्ट्रोमोच्या प्राण्यापासून फेसहगर बनवतात आणि त्यांच्यातूनच तो द्रव काढतात. द्रव आणि प्राणी एकाच चक्रात आहेत.

काळा द्रव: द्रवापासून बनलेल्या प्राण्यात द्रव सापडणारच, त्यावरून आधी कोण ते ठरत नाही. जहाजाचा प्रश्न मात्र रास्त आहे. 2104 ते 2122 मधला चित्रपट आलाच नाही, त्यामुळे ते जहाज तिथे कसं पोहोचलं हे पडद्यावर कुठेच नाही. तोवर 2122च्या आधीच्या कथेत अंडी तयार करणारा म्हणून पडद्यावर दिसलेला एकच जण आहे, डेव्हिड.