प्रणयकथा, प्रेमकथा की सरळ रोमान्स? (शब्द सुचवा)

सायली_ठाणे:
ऑडिओबुकच्या एका ॲपसाठी इंग्रजी रोमान्स कादंबऱ्यांचे मराठी वर्ग पाडायचं काम आलंय, म्हणजे ॲप उघडल्यावर जे चौकोन दिसतात ना त्यावरचे शब्द. सगळ्यात वर 'प्रणयकथा' लिहिलं होतं, ते बघून सासूबाई म्हणाल्या हे असलं मी नाही लावणार, प्रणय म्हणजे सिनेमातलं ते दृश्य. त्या स्वतः ढिगाने कादंबऱ्या वाचतात त्यामुळे त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. दुसरी अडचण पोटप्रकारांची. मॅरेज ऑफ कन्व्हिनियन्सचं 'सोयीचं लग्न' झालं, एनिमीज टू लव्हर्स आणि सेकंड चान्सचं काहीतरी जमेल, पण स्लो बर्नला अडलेय. दोघं एकत्र काम करतायत, बोलतायत, भांडतायत आणि तीनशे पानं कुणी कबूलच करत नाही, तो प्रकार. 'मंद आच' लिहिलं तर रेसिपी वाटते. काय लिहू?

जुनी_वही:
प्रणयला उगाच बदनाम केलंय लोकांनी. मूळ धातू नी, म्हणजे नेणे. प्रणय म्हणजे जिव्हाळा, आपल्या माणसाकडे विश्वासाने केलेला हट्टसुद्धा. त्याच धातूवरून नायक, नायिका, अभिनय, आणि परिणय, म्हणजे अग्नीभोवती नेणे, लग्न. नायक-नायिका, प्रणय, परिणय, अख्ख्या कादंबरीचा आराखडा एका धातूत बसलाय, आणि आपण तो शब्द सोडून रोमान्स म्हणायचं? मला नाही पटत.

पाखरू:
पक्ष्यांच्या पुस्तकांत हा शब्द अजून नीट टिकून आहे, प्रणयाराधन. सुगरणीचा नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन आत-बाहेर करून बघते, पसंत पडलं तरच पुढचं विणकाम. आमच्या गावच्या विहिरीवर मी हे तासन्‌तास बघितलंय, कितीतरी घरटी तशीच अर्धी लटकत राहतात. म्हणजे प्रणय ही आधीची मनधरणी झाली. सायली, तुझ्या सासूबाईंना हे सांगून बघ.

रंकाळ्याचा_वारा:
एवढं कशाला, प्रेमकथा म्हणा की. पोरासोरांना पण कळतंय.

मृण्मयी:
@रंकाळ्याचा_वारा, नाही हो दादा, प्रेमकथा आणि रोमान्स एक नाहीत. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना आहे, तिने व्याख्याच करून ठेवलीय की गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. देवदास ही प्रेमकथा आहे पण या हिशोबाने रोमान्स नाही. वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं की हे दोघं एकत्र येणार, तो वाचतो ते कसे येतात यासाठी. पोटप्रकार इतके का झाले त्याचं कारणही हेच, शेवट ठरलेला म्हणून सगळं कसब वाटेत. कोणी भांडून येतं, कोणी नाइलाजाने लग्न करून येतं, कोणी दहा वर्षांनी परत भेटून. प्रेमकथा लिहून आत सगळं सुखान्तच दिलं तर देवदास शोधणारा वैतागेल.

रंकाळ्याचा_वारा:
मग 'सुखान्त प्रेमकथा'.

मृण्मयी:
शेवट सांगून टाकला की!

रंकाळ्याचा_वारा:
आता तुम्हीच म्हणालात की तो आधीच माहीत असतो.

अनामिक_वाचक:
रोमान्स हा आपलाच शब्द आहे, रोमांच. अंगावर रोम उभे राहतात तो. इंग्रजांनी नेला.

धारवाडचा_भाऊ:
@अनामिक_वाचक, ध्वनीचं साम्य आहे पण नातं नाही. रोमान्समधला रोम हा इटलीतला. जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिन सोडून लोक जी बोली बोलायचे तिला रोमांझ म्हणत, मग त्या बोलीतल्या शूरवीरांच्या आणि प्रेमाच्या कथांना तेच नाव पडलं. म्हणजे हा शब्द आधी भाषेचा, मग गोष्टीचा. आपल्याकडे याला तोड आहे. कोऊहलाची 'लीलावई' महाराष्ट्री प्राकृतात आहे, सातवाहन राजा हाल आणि सिंहलाची राजकन्या लीलावती यांची प्रेमकथा, कोल्हापूरच्या आ. ने. उपाध्यांनी १९४९ मध्ये संपादित केली. संस्कृत बाजूला ठेवून देशी भाषेत सांगितलेली प्रेमाची गोष्ट, म्हणजे फ्रेंच अर्थानेसुद्धा शंभर टक्के रोमान्स. आणि कादंबरी हा शब्द घ्या, मराठीत आणि आमच्याकडे कन्नडातही कादंबरीच म्हणतात, ते तर बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. सातव्या शतकातली गोष्ट, त्यात महाश्वेता मेलेल्या प्रियकरासाठी अच्छोद सरोवराकाठी तप करत थांबते आणि तो पुढच्या जन्मातून परत येतो. सायलीताईंचा सेकंड चान्स इथे आहे. वेगळं 'प्रणयकादंबरी' म्हणायची गरजच नाही, कादंबरी म्हटलं की प्रेम आलंच.

मृण्मयी:
भाऊ, वाचायला फार छान वाटलं पण आज कादंबरी म्हटल्यावर कोणाला प्रेम आठवत नाही. बाय द वे, एमएला आम्हाला रोमान्ससाठी 'अद्भुतरम्य' शिकवलं होतं. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची, या त्या वर्गातल्या. पण तो रोमान्स वेगळा, योगायोग आणि चमत्कारांचा. लंडनमध्ये १९०८ साली निघालेल्या मिल्स अँड बूनने पुढे ज्याची छोटी छोटी पुस्तकं काढली आणि आपल्या आया-मावश्यांनी लायब्ररीतून आणून वाचली, त्या रोमान्सला अद्भुतरम्य कसं म्हणणार, त्यात नायिका नर्स नाहीतर सेक्रेटरी असायची.

सायली_ठाणे:
सगळं वाचतेय, खूप मिळतंय, पण स्लो बर्न??

जुनी_वही:
येतो त्यावरच. साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे दोघं एकत्र नसतानाच्या प्रेमाचे, चार प्रकार दिलेत, पूर्वराग, मान, प्रवास, करुण. यातला पूर्वराग म्हणजे मीलनाच्या आधीची ओढ. त्याचे परत तीन, रंगांवरून. नीलीराग, फार चमकत नाही पण मनातून जात नाही. कुसुंभराग, शोभतो पण उडून जातो. मंजिष्ठाराग, मंजिष्ठा या वेलीच्या मुळांच्या लाल रंगावरून, शोभतोही आणि टिकतोही. तुमचा स्लो बर्न हा नीलीराग. वरून कुणाला पत्ता नाही, आत पक्का. याहून नेमका शब्द मिळायचा नाही.

टिनटिन_पुणे:
काका माहिती भारी आहे पण ॲपवर 'नीलीराग' वाचून माझ्या वयाचा कोणी क्लिक करणार नाही. आम्ही आपसात बोलताना स्लो बर्नच म्हणतो, "अगं ही वाच, मस्त स्लो बर्न आहे". हा शब्द आता मराठी वाक्यात मराठीसारखा चालतो, त्याला बाहेर का काढायचं?

जुनी_वही:
कारण आपल्याकडे असताना उसना का आणायचा? टेबल आणलं कारण टेबल नव्हतं. ही छटा आपल्याकडे नावासकट होती.

टिनटिन_पुणे:
नाव होतं पण वापरत कोण होतं? मी तरी कोणाच्या तोंडी ऐकलेलं नाही.

रंकाळ्याचा_वारा:
आणि पूर्वराग म्हटलं तर मराठी माणूस म्हणणार, आधीचा राग, म्हणजे जुनी खुन्नस!

मृण्मयी:
अहो मग तो एनिमीज टू लव्हर्सला चपखल आहे! आधी मराठीतला राग, मग संस्कृतातला राग, म्हणजे प्रेम. मी तर म्हणते 'रागातून अनुराग' लिही सायली. ऐकणाऱ्याला लगेच कळेल आणि कानालाही गोड लागतं.

धारवाडचा_भाऊ:
बंगालीतही राग म्हणजे संताप. तरी त्यांच्या वैष्णव पदावलीत, म्हणजे राधाकृष्णाच्या गीतांत, पूर्वराग हा शब्द राधेच्या पहिल्या ओढीसाठी पूर्वीपासून आहे आणि कुणाचा गोंधळ होत नाही. दोन्ही अर्थ एका भाषेत नांदू शकतात. मूळ धातू रंज्, रंग चढणे. रंग, रंजन, अनुरक्त आणि विरक्तसुद्धा त्यातलेच, विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला तो.

अनामिक_वाचक:
चेहरा लाल होतो म्हणून रागाला राग म्हणत असणार, मला तरी हेच पटतं. प्रेमातही लाल होतो की.

कोरडवाहू:
रंगांचा विषय निघाला म्हणून लिहितो. कुसुंभ म्हणजे आपली करडई. आमच्याकडे सोलापूरकडे रब्बीला असते, आता तेलासाठीच लावतात, पण पूर्वी फुलांच्या पाकळ्यांचा रंग काढून लुगडी रंगवत, आजी त्याला कुसुंबी म्हणायची. रंग असा की लांबून नजर जावी, पण धुण्यात आणि उन्हात टिकत नाही. निळीचा आणि मंजिष्ठाचा टिकतो. म्हणजे विश्वनाथाने हे कापड बघून लिहिलंय.

पाखरू:
पण कुसुंभाला कमी का लेखायचं? सुट्टीत आठ दिवस भेटलेली माणसं, परत कधी भेट नाही, अशा गोष्टी मला सगळ्यात जास्त लक्षात राहिल्यात. त्यांचा पण एक चौकोन हवा, 'कुसुंबी' नावाने.

मृण्मयी:
लक्षात राहतात मान्य, मलाही राहतात. पण मग त्या रोमान्समध्ये बसत नाहीत, वर व्याख्या दिलीय ना, शेवट आशेचा हवा.

पाखरू:
आशेचा शेवट म्हणजे एकत्रच राहायला हवं असं कुठे लिहिलंय? त्या आठ दिवसांनी बाई बदलून गावी परत गेली, नको असलेलं ठरलेलं लग्न मोडलं, यात आशा नाही?

मृण्मयी:
ती आशा बाईसाठी झाली. प्रेमाचं काय?

कोरडवाहू:
करडईच्या पाकळ्या आधी पाण्यात खळखळून धुवायच्या, पिवळा रंग निघून जातो, तो टाकायचा. लाल त्यानंतर सुटतो. आजीची पद्धत अजून थोडी आठवतेय, कुणाला हवी असेल तर वेगळा धागा काढतो.