जुन्या ऑटोमॅटिकखाली लाल तेलाचे थेंब: ठाण्यात कूलर पाईपचं काम कुणाकडे करावं?

कोलशेतकरीण

नमस्कार मंडळी. बाबांची २००८ची होंडा सिव्हिक ऑटोमॅटिक आता माझ्याकडे आहे. पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही करून घेतलंय, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको.

पंधरवडा झाला, रोज सकाळी पार्किंगमध्ये पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बांगडीएवढा लालसर तपकिरी डाग दिसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फरशीवरून दोनदा टोकलं. परवा मानपाड्याच्या सिग्नलला गाडी डीमध्ये टाकली तर क्षणभर जागची हलली नाही, मग झटका देऊन निघाली.

एका गॅरेजवाल्याने खाली न वाकताच 'ताई, गिअरबॉक्स गेला, उतरवायला लागेल' म्हणून ८० हजार सांगितले. दुसरा म्हणाला, रेडिएटरकडे जाणारा रबरी पाईप गळतोय, दोन इंच कापून क्लिप मारतो, ५०० द्या. दोघांतलं खरं कोण? ठाणे, ऐरोली, वाशीपर्यंत यायची तयारी आहे.

पाना_बारा

ताई, दुसऱ्याचं निदान बरोबर वाटतंय, पण इलाज चुकीचा. पण आधी गाडी चालवणं थांबवा. डी टाकल्यावर उशीर होतोय म्हणजे तेल बरंच कमी झालंय आणि पंप हवा ओढतोय. अशीच फिरवलीत तर त्या ८० हजारवाल्याचं भाकीत तुम्हीच खरं कराल.

तेल बघायची या गाडीची पद्धत वेगळी आहे. सपाट जागी, पीमध्ये, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन तापवायचं, मग बंद करायचं आणि त्यानंतर ६० ते ९० सेकंदांच्या दरम्यान गेज (तेलाची मोजपट्टी) पुसून बघायची. बऱ्याच टोयोटांमध्ये इंजिन चालू ठेवून बघतात, म्हणून गॅरेजमधली पोरं इथे हमखास चुकतात. थंड असतानाच गेज कोरडी निघाली तर तापवायच्या भानगडीत पडू नका, आधी थोडं तेल टाका.

'लाल आहे ना, चालतंय' म्हणून कुठलंही तेल ओतू देऊ नका. गाडीच्या जुन्या माहितीपुस्तकात झेड-वन हे होंडाचं गिअरबॉक्स तेल लिहिलेलं असेल, त्याच्या जागी आता डीडब्ल्यू-वन येतं.

निवांत_नौपाडा

मॅन्युअल घ्या, क्लच दाबा, सुखी राहा.

कोलशेतकरीण

घोडबंदर रोडवर संध्याकाळी सहाला क्लच दाबून दाखवा, मग बोलू.

तुर्भेकर

माझं रोजचं काम एमआयडीसीत हायड्रॉलिकचं, म्हणून होजबद्दल दोन शब्द जास्त.

ही नळी गिअरबॉक्सचं गरम तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरपर्यंत नेते आणि थंड करून परत आणते. दाब फार नसतो, गरमी असते. सतरा वर्षं तापून रबर लाकडासारखं होतं, क्लिपखालचा भाग कायमचा चेपतो आणि तेल झिरपायला लागतं. अशा नळीचं टोक कापून पुन्हा चढवलं तर ती नव्या जागीही तशीच कडक. नवी क्लिप आवळली की तडा जाणार. आज डावं टोक, दोन महिन्यांनी उजवं. म्हणून जाणारी आणि येणारी, दोन्ही नळ्या एकदमच बदला.

कंपनीची तयार वाकवलेली नळी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर दुकानात 'ट्रान्समिशन ऑइल कूलर होज' म्हणून मागा, नळीवर एसएई जे १५३२ (अशा नळीचं मानक) छापलेलं बघा. रेडिएटरचा पाण्याचा होज अजिबात नको, ते रबर तेलात फुगून मऊ पडतं. मीटरभर हायड्रॉलिक होज कुणी दिला तर दाब विचारू नका, तो गरजेच्या कितीतरी पट असतो. तापमान विचारा. १०० अंशांपर्यंतचाच असेल तर परत द्या. आणि नळीचं माप अंदाजाने नको, नळी ज्यावर चढते त्या धातूच्या निपलची बाहेरची जाडी व्हर्निअरने (मोजमापाच्या अचूक पट्टीने) मोजून घ्या. 'थोडी सैल आहे, पण क्लिप आवळली की बसेल' हे वाक्य ऐकलं की तिथून निघा.

खाडीकाठचा

वरच्या 'फुगतं' या शब्दाला माझी साक्ष. माझ्या जुन्या गाडीला एका मिस्त्रीने पाण्याच्या होजचा तुकडा जोडला होता. तीन आठवडे थेंब नाही, मी खूश. मग ऐरोलीच्या पुलावर नळी निसटली, तेल सायलेन्सरवर पडलं, मागच्या गाड्यांना वाटलं पेटलीच. चार किलोमीटर टोइंग.

आमच्या खाडीच्या हवेत दुसरी भानगड म्हणजे लोखंडी पाईप. रबर नवं घातलं तरी जिथे पाईप ब्रॅकेटला धरलाय तिथे चिखल साचून गंज आत खातो. बोट फिरवून बघा, पापुद्रे निघाले तर पाईपही बदला. गळक्या पाईपवर एम-सील लावून घेऊ नका, तेलकट पत्र्यावर काहीच धरत नाही. तांब्याची नळी वाकवून देतो म्हणतील, तीही नको, इंजिनच्या थरथरीने कडक होऊन तडकते.

पाना_बारा

राहिलंच. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघा. आत सोलकढीसारखं गुलाबी दुधाळ काही दिसलं तर टाकीतला कूलर फुटून तेल-पाणी एक झालंय. मग मात्र स्टार्टसुद्धा करू नका, पाणी गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतं. तेव्हा रेडिएटर नवा, आणि गिअरबॉक्सचंही बघावं लागेल.

कोलशेतकरीण

झाकण उघडलं. पाणी स्वच्छ हिरवं, सोलकढी नाही! गेज मात्र जवळजवळ कोरडी.

पण एक शंका. खाली सगळंच तेलकट आहे. गळती नळीचीच, गिअरबॉक्सच्या सीलची नाही, हे ठरवायचं कसं? स्टिअरिंगचं तेलही लाल असतं ना?

तुर्भेकर

या गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यात तेलच नाही. तो संशय बाद.

चालत्या गाडीत वारा तेल मागे पसरवतो, म्हणून ओलं दिसतं तिथे गळती नसते, ती पुढे किंवा वर असते. खालची प्लास्टिक शील्ड काढा. गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. सगळं पुसून कोरडं करा, नळ्यांवर आणि जोडांवर साधी टाल्कम पावडर उडवा, दहा मिनिटं इंजिन चालवा. पावडरीत पहिली लाल रेघ जिथून निघेल तो जोड. माझ्या माहितीतल्या दोन जागा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केल्या आहेत, एक वागळे इस्टेट, एक तुर्भे. इथे जाहिरात नको.

कोलशेतकरीण

अपडेट. सोमवारी टोइंगने वागळेला नेली. मिस्त्रीकाकांना पावडर सांगितली तर हसले, पण स्वतःच टपरीवरून डबा आणला. सहा मिनिटांत रेडिएटरच्या बाजूच्या जोडाखाली केसाएवढी लाल रेघ. जुनी नळी काढून हातात दिली, वाकवली तर कट्कन आवाज आला आणि क्लिपच्या खोबणीत चारी बाजूंनी बारीक भेगा उघडल्या.

दोन्ही नळ्या आणि चारही क्लिपा नव्या, स्प्रिंगवाल्या. लोखंडी पाईप ठीक निघाला. तेलही काढून भरलं, अडीच लिटरच्या आसपास लागलं. निघालेलं तेल गडद होतं पण जळका वास नव्हता. सगळे मिळून सहा हजारांच्या आत.

डी टाकल्याबरोबर गाडी ओढते. दोनशे किलोमीटर झाले, पार्किंगमध्ये रोज रात्री वर्तमानपत्र पसरते, आज चौथा दिवस, कोरडं. सेक्रेटरी म्हणाले, पेपरचा कचरा होतो.

निवांत_नौपाडा

त्यांना मॅन्युअल घ्यायला सांगा.