होडीत कथा नको, पिंगुळीत ऐका

आपल्या गटाच्या सहलीत कर्ली नदीत होडीतच कथाकथन ठेवू, असं गटात एकाने सुचवलंय. कल्पना छान, पण मालवणजवळ देवबागला, नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे जाणाऱ्या होड्या इंजिनाच्या. त्या फटफटीत कथा कोण ऐकणार? (आणि कानात वारा!) होडीत नुसतं बसा, माड बघा.

कथेसाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथला ठाकर समाज चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली कथा, सादर करतो. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे 'पोथी'. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे कथेकरी एक बाजू दाखवून झाली की चित्र उलटतो आणि गाणं पुढे सरकतं. रामायण-महाभारतातली आख्यानं, सोबत वीणा, टाळ. कळसूत्री बाहुल्याही आहेतच. परशुराम गंगावणे यांना 2021 साली याच कामासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरचं संग्रहालय चुकवू नका. मुलं बाहुल्यांना चिकटतील, मोठ्यांनी चित्रांपाशी रेंगाळावं.

सावंतवाडीची खेळणी चितार आळीत. राजवाड्यातला गंजिफा (जुना पत्त्यांचा खेळ) मात्र सावकाश बघा, दशावतारी संचात 120 गोल पानं असतात. होडीसाठी भरतीची वेळ आधी विचारून ठेवा, मग बाकीचं ठरवू.