जांघेतील नस दबल्यास फिजिओथेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न : मी कोल्हापुरात तालमीत सराव करतो. झटापट वाढली की जांघेतून कळ निघून मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्याकडे उतरते आणि विश्रांतीने थांबते. व्यायाम कोणता करावा?

उत्तर १ : कमरेच्या २ ते ४ क्रमांकांच्या मज्जातंतूंपासून निघणारी ऑब्च्युरेटर नस मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंना चालवते, ती दबल्यास श्रमानंतर ते स्नायू दुबळे पडतात. हर्निया किंवा खुब्याचा दोष नाही, हे आधी तपासून घ्यावे.

उत्तर २ : फिजिओथेरपिस्ट नस मोकळी सरकवणारे हलके व्यायाम शिकवतात, पुढे गुडघ्यांमध्ये उशी दाबून ताकद वाढवतात. ताण देताना मुंग्या आल्या तर तिथेच थांबावे. वस्तादांसमोर हे जड जाते खरे.

उत्तर ३ : लघवीवरचा ताबा सुटल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.