नीरोच्या हाती फिडल द्यायचं का?

प्रश्न (देसाईगंज)
राम राम मंडळी. मंडईच्या जत्रेत रोमचा सम्राट नीरो याच्यावर तीन अंकी नाटक लावतो आहोत. शेवटच्या अंकात रोम जळतंय अन् नीरो गच्चीवर फिडल वाजवतोय, असं लिहून आलंय. चालेल का? नीरो आपल्या आईला, अग्रिपिनाला, नावेत बुडवायला बघतो तो प्रवेश कसा बसवावा?

उत्तर १
फिडल काढा जी. फिडल म्हणजे व्हायोलिन, ते आलं 16व्या शतकात, नीरो मेला इ.स. 68 मध्ये. तो किथारा वाजवायचा: खाली लाकडी पेटी, वर दोन हात, आडवी दांडी. सुतार एका दिवसात करून देईल.

आग 18 जुलै 64 च्या रात्री सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतीच्या मैदानाजवळच्या दुकानांत लागली. नीरो तेव्हा अँटियम गावी, रोमपासून 50 किमीवर. परत येऊन त्यानं बेघरांना आपल्या बागा उघडल्या, धान्याचा भावही उतरवला. आगीच्या वेळी तो गायला ही गोष्ट रोमन इतिहासकार टॅसिटस अफवा म्हणून देतो, दुसरा लेखक स्युटोनियस छातीठोक सांगतो. पण जळाल्या जागेवर नीरोनं स्वतःचा सुवर्णमहाल उठवला, मग लोक संशय घेणारच.

उत्तर २
नावेचा प्रवेश जसा घडला तसाच घ्या, मसाला लागत नाही. इ.स. 59. नावेतल्या खोलीचं छत शिशानं जड केलेलं, खूण होताच कोसळलं. जवळ उभा तिचा सोबती क्रेपेरियस जागीच मेला. अग्रिपिना वाचली, कारण तिच्या कोचाच्या बाजू उंच होत्या, भार त्यांनी पेलला. नावही फुटेना: बऱ्याच खलाशांना कट माहीतच नव्हता, ते मध्ये कडमडले. सखी ॲसेरोनिया ‘मीच अग्रिपिना, वाचवा’ ओरडली, तिलाच वल्ह्यांनी ठेचलं. खरी मात्र जखमी खांद्यानं, तोंडातून शब्द न काढता पोहत निघाली. नंतर नीरोनं तिच्या घरी माणसं पाठवून तिला मारली.

छत थर्माकोलचं करा, दोन दोऱ्यांवर टांगा, दोन्ही एकाच माणसाच्या हाती द्या. दोघांनी सोडलं की तिरपं पडून अडकते.

उत्तर ३
टाळ्या विसरू नका राजेहो! नीरोनं पाच हजारांवर पोरं आपल्या गाण्याला टाळ्या द्यायला तयार केली होती. प्रकार तीन: मधमाशांची गुणगुण, पोकळ तळव्यांची ‘कौलं’, सपाट हातांच्या ‘विटा’. दहा-बारा पोरं प्रेक्षकांत पेरा. तो गात असताना थिएटर सोडायची बंदी, म्हणून लोक मेल्याचं सोंग घेऊन बाहेर निघत. 67 मध्ये ऑलिंपिकला दहा घोड्यांच्या रथातून पडला, शर्यत पुरी केली नाही, तरी मुकुट त्यालाच. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावात याला हशा नक्की.

प्रश्नकर्ता
फिडल रद्द. किथाराला तारा किती लावू?

उत्तर १
सात. उजव्या हातात तारा छेडायला नखी द्या, वाद्य डाव्या खांद्याशी उभं.